आवाजाचे आकडे कसे होतात?

मित्रांनो, आणि भित्तिपत्रक वाचायला थांबलेल्या पालकांनो,

आपल्या नरसीचे नाव संत नामदेव महाराजांमुळे दूरवर गेले. त्यांचा जन्म १२७० सालचा. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. महाराजांचे शब्द आपल्यापाशी आहेत, पण त्यांचा आवाज कसा होता हे कोणालाच सांगता येत नाही. आवाज साठवून परत ऐकवणारे यंत्र एडिसनने १८७७ साली केले. आपल्या देशात १९०२ साली कलकत्त्याला गौहर जान यांचे गाणे तबकडीवर उतरवले गेले.

आता आवाज आकड्यांत साठवतात. आवाजाचे आकडे करणाऱ्या भागाला कन्व्हर्टर म्हणतात. माझे मामा नांदेडला भजने रेकॉर्ड करतात. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी आपल्या रेकॉर्डरमधले कन्व्हर्टर बदलले. तेव्हा मी शेजारीच बसून होतो. जे पाहिले ते सांगतो.

मामांचा रेकॉर्डर २४ ट्रॅकचा आहे. म्हणजे गायकाचा आवाज एका ट्रॅकवर, पखवाज दुसऱ्यावर, टाळ तिसऱ्यावर, वीणा चौथ्यावर. सगळे वेगवेगळे राहते. टाळ मोठे झाले तर नंतर तेवढेच कमी करता येतात. असे ८ ट्रॅकचे एक यंत्र, ‘एडॅट’ नावाचे, १९९२ साली विकायला आले. ते व्हिडिओच्या कॅसेटवर आकडे लिहायचे.

मी विचारले, “मामा, आवाजाचे आकडे कसे काय होतात?”

मामा म्हणाले, “कयाधूला पूर आला की पाणी कसं मोजतात? काठी रोवायची, अन् घडीघडीला बघून वहीत लिहायचं. तसंच हे बघ.”

माइक आवाजाची वीज करतो. ती वीज पाण्यासारखी वरखाली होते. कन्व्हर्टर ती एका सेकंदात ४८,००० वेळा मोजतो. ट्रॅक २४, म्हणून सेकंदाला ११,५२,००० आकडे! मी पाटीवर गुणाकार करून पाहिला, बरोबर आला.

आता काठीवरच्या खुणांचे बघा. जुना कन्व्हर्टर १६ बिटचा होता. त्याच्या काठीवर ६५,५३६ खुणा. नवा २४ बिटचा, त्याच्या १,६७,७७,२१६ खुणा. मोठ्या आवाजाला जुन्या खुणाही पुरतात. पण आवाज अगदी बारीक झाला की त्यातल्या थोड्याच खुणा कामी येतात, मग आवाज खरखरीत होतो. नव्यात बारीक आवाजालाही भरपूर खुणा मिळतात.

आता बदलण्याची रीत. आधी यंत्र बंद केले आणि प्लग काढून ठेवला. तरी मामांनी लगेच हात घातला नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये वीज थोडा वेळ साठून राहते. कोणती वायर कुठे आहे याचे चित्र मला वहीत काढायला लावले. मग त्यांनी मनगटाला जमिनीची वायर जोडलेला पट्टा बांधला. आपल्या अंगावरची वीज आपल्याला कळत नाही, पण बारीक भाग तिने जळतात. नंतर पेचकसाने झाकण उघडले. आत ८-८ ट्रॅकची ३ कार्डे होती. कडेला धरून ती सरळ ओढली, नवी बसवली आणि चपट्या वायरी परत लावल्या.

सुरू केल्यावर ९ ते १६ ट्रॅक मुकेच! माझा जीव खाली-वर झाला. मामा हसले. परत सगळे बंद करून पाहिले तर एक चपटी वायर अर्धीच बसली होती. ती दाबून बसवली. मग सगळ्या ट्रॅकवर एकच शिट्टीसारखा सूर भरला आणि २४ ठिकाणी सारखाच येतो की नाही ते तपासले. शेवटी माइक शांत ठेवून नुसती खरखर ऐकली. ती पुष्कळ कमी झाली होती.

मला फार आनंद झाला. मी म्हणालो, “मामा, आता आजोबांचं जुनं भजन लावा. ते बी साफ झालं असंल.”

आमचे आजोबा भजनात वीणा घेऊन उभे राहायचे. २ वर्षांपूर्वी मामांनी त्यांचे भजन याच यंत्रावर जुन्या कन्व्हर्टरने घेतले होते. त्या दिवशी माइकही कमी ठेवला गेला होता. शेवटी आजोबा आवाज बारीक करतात, तिथे खरखर आहे.

मामांनी ते लावले. खरखर तशीच होती.

मामा म्हणाले, “लेकरा, जो आकडा तेव्हा लिहिलाच नाही, तो आता कुठून आणायचा? नवा कन्व्हर्टर पुढच्यासाठी. मागचं राहिलं ते राहिलं.”

आजोबांना आता धाप लागते. तरी दुसऱ्या दिवशी मामांनी त्यांना खुर्चीवर बसवले. खोलीतला पंखा बंद केला. पंख्याचा आवाज माइकमध्ये शिरला तर कितीही चांगला कन्व्हर्टर त्याला काढू शकत नाही. आजोबांनी दोनच ओळी म्हटल्या. आवाज कापत होता. पण शेवटचा बारीक सूर, त्यानंतरचा त्यांचा श्वाससुद्धा स्पष्ट ऐकू आला. आई बराच वेळ काही बोलली नाही.

मित्रांनो, घरच्या मोबाइलमध्येही कन्व्हर्टर असतो, फक्त फार लहान. आजी ओव्या म्हणते ना? मग पंखा बंद करा, मोबाइल जवळ धरा आणि भरून ठेवा. उद्या म्हणू नका. यंत्र नवे मिळते, पण आजीचा आवाज पुन्हा मिळत नाही.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी