बेडकाची कातडी आणि मधुमेह

बेडकाची कातडी सदैव ओलसर असते. अशा जागी जंतू सहज वाढावेत. परंतु कातडीतील ग्रंथी पेप्टाइडे स्रवून त्यांचा नाश करतात. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची लहानशी साखळी होय.

दक्षिण अमेरिकेत एक विलक्षण बेडूक आढळतो. त्याचा बेडूकमासा सुमारे २५ सेंटिमीटर वाढतो. प्रौढ बेडूक मात्र त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढाच भरतो! त्याच्या कातडीतील ‘स्यूडिन-२’ हे २४ अमिनो आम्लांचे पेप्टाइड अल्स्टर विद्यापीठातील संशोधकांनी उंदराच्या इन्शुलिन स्रवणाऱ्या पेशींवर योजून पाहिले. इन्शुलिनचा स्राव वाढल्याचे त्यांनी २००८ साली प्रसिद्ध केले. ज्या मधुमेहींचे स्वादुपिंड पुरेसे इन्शुलिन स्रवीत नाही, त्यांच्या दृष्टीने ही गोष्ट आशादायक आहे.

तथापि पेशींवरील प्रयोग म्हणजे औषध नव्हे. जंतूंना मारणारे द्रव्य मनुष्याच्या पेशींना अपाय करीत नाही, हे आधी सिद्ध व्हावे लागते. हा मार्ग दीर्घ असला, तरी अशक्य नाही. गिला मॉन्स्टर या सरड्याच्या विषातील पेप्टाइडावरून बनविलेल्या एक्झेनाटाइडला अमेरिकेत २००५ साली मधुमेहावरील औषध म्हणून मान्यता मिळाली.

एकदा साखळीची रचना कळली की पेप्टाइड प्रयोगशाळेत तयार करता येते. त्यासाठी बेडूक मारावे लागत नाहीत. परंतु अभ्यासापूर्वीच एखादी जात नष्ट झाली, तर तिच्या कातडीतील गुपितही तिच्यासह नाहीसे होते.