कोर्टाची तारीख आणि वत्सगुल्म

इंझोरीच्या माणसाला वाशिम म्हणजे जिल्ह्याचं ठिकाण. कोर्टाची तारीख, कलेक्टर कचेरी, सरकारी दवाखाना. एसटीनं मंगरुळपीरमार्गे जायचं, काम उरकायचं, दिवेलागणीच्या आत घरी. पण याच वाशिमातून सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी वाकाटक राजघराण्याची एक शाखा राज्य करत होती, तेव्हा त्याचं नाव वत्सगुल्म होतं, हे कळलं की तारखेच्या दिवशीसुद्धा दोन तास काढावेसे वाटतात.

काढले, तरी पाहायचं काय? जुनी राजधानी डोळ्यांनी बघायची तर दक्षिण अमेरिकेतलं क्विटो बघा. १५३४ मध्ये स्पॅनिशांनी वसवलेली ही राजधानी, चर्च आणि चौकांसकट तिचं जुनं शहर उभं आहे. १९७८ साली जागतिक वारशाची पहिली बारा ठिकाणं ठरली, त्यांत ते होतं. वाशिमला मात्र वाकाटकांचा राजवाडा नाही. बालाजीचं देऊळ देखणं, पण ते भोसल्यांच्या काळात भवानी काळूंनी बांधलेलं, अठराव्या शतकातलं. पद्मतीर्थ तळ्यावर हातपाय धुऊन घ्यावेत आणि मान्य करावं की ही राजधानी बघायची नसून वाचायची आहे.

१९३९ साली वाशिमला ताम्रपट उजेडात आले. वाकाटक राजा दुसऱ्या विंध्यशक्तीनं राज्याच्या ३७व्या वर्षी वत्सगुल्माहून दिलेलं हे गावाचं दान. राजाची वंशावळ संस्कृतात, आणि दानाचा प्रत्यक्ष हुकूम प्राकृतात! मिरवायला एक भाषा, वहिवाटीला दुसरी. सरकारी कागदाची ही खोड बरीच जुनी दिसते. दान दिलेलं गाव नांदीकडाच्या वाटेवर होतं, म्हणजे आपल्या नांदेडच्या. गंमत पुढेच आहे. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातला झिजलेला लेख विद्वान वाचत होते, त्यात एक नाव ‘रुद्रसेन’ असं लावलं जाई. ताम्रपटातली वंशावळ हाती आल्यावर संशोधक मिराशींनी ते ‘सर्वसेन’ असं दुरुस्त केलं, आणि या सर्वसेनापासूनचं वाकाटकांचं वेगळं घराणंच समोर आलं. ते लेणं याच घराण्यातल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव यानं कोरवलेलं. वाशिमला न सापडणारं वैभव इतक्या लांब डोंगरात जाऊन बसलंय.

वाशिमजवळच हिस्से-बोराळा आहे. तिथल्या शिलालेखात याच घराण्यातल्या देवसेन राजाच्या काळात बांधलेल्या ‘सुदर्शन’ तलावाची नोंद आहे. साल शके ३८०, म्हणजे इसवी ४५८, आणि सोबत सप्तर्षींची आकाशातली जागासुद्धा. त्याच सुमारास, दोनएक वर्षं आधी, तिकडे गिरनारला स्कंदगुप्ताच्या अधिकाऱ्यानं फुटलेला तलाव दुरुस्त केला होता. त्याचंही नाव सुदर्शन! वऱ्हाडात ती बातमी पोचली होती की काय, कोण जाणे. पाण्याची ओढ मात्र दोन्हीकडे सारखीच.

आणि हा सर्वसेन नुसता राजा नव्हता. त्यानं ‘हरिविजय’ नावाचं प्राकृत काव्य लिहिलं. काव्य हरवलं, आनंदवर्धनासारख्या काश्मिरी पंडितानं त्याची दखल घेतली म्हणून आपल्याला ते कळतं. पुढं दहाव्या शतकाच्या आसपास राजशेखरानं ‘काव्यमीमांसे’त एक गोष्ट रचली. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष रुसून घरातून निघाला. त्याला अडवायला गौरीनं साहित्यविद्यावधू निर्माण केली. ती त्याच्यामागे देशोदेशी फिरली, आणि जिथं गेली तिथल्या बायकांनी तिचा वेश उचलला. शेवटी दोघांचं लग्न लागलं ते विदर्भातल्या वत्सगुल्मात. साहित्य संमेलनाच्या जागेवरून दरवर्षी भांडणाऱ्यांना हे वऱ्हाडातल्या कुणीतरी एकदा कळवायला हवं.