सांक्योकु साथ-ध्वनिमुद्रणे

सांक्योकु या पारंपरिक जपानी वाद्यमेळातील एक वाद्य वगळून उरलेल्या वाद्यांचे सरावासाठी केलेले ध्वनिमुद्रण. सांक्योकुमध्ये कोतो हे तेरा तारांचे व शामिसेन हे तीन तारांचे वाद्य आणि शाकुहाची ही बांबूची उभी बासरी यांचा समावेश होतो. पूर्वी शाकुहाचीच्या जागी कोक्यू हे गजाने वाजविण्याचे तंतुवाद्य असे. १८७१ मध्ये फुके हा बौद्ध पंथ बरखास्त झाल्यावर त्या पंथाच्या भिक्षूंची शाकुहाची सर्वसामान्य वादकांच्या हाती आली व तिने हळूहळू कोक्यूची जागा घेतली.

या संगीतात सर्व वाद्ये बहुतांशी एकच स्वरावली आपापल्या वळणाने वाजवितात. त्यामुळे एक वाद्य वगळले, तरी रचनेचा आराखडा ऐकू येत राहतो. कोतो व शामिसेन यांचे छेडलेले स्वर लवकर विरतात, तर शाकुहाचीचा स्वर लांबविता येतो. श्वास कोठे घ्यावा, हे तिच्या वादकाला साथीवरूनच उमगते. लयही एकसारखी नसते. यात्सुहाशी केंग्यो (१६१४–८५) यांच्या नावावर असलेल्या ‘रोकुदान’ या कोतोरचनेचे सहा भाग आहेत. पहिल्या भागातील चार जादा मात्रा सोडल्यास प्रत्येक भाग १०४ मात्रांचा असून लय क्रमाने वाढत जाते व शेवटी मंदावते. अशा रचनेच्या सरावास ठराविक गतीचे ठोके देणारे लयमापक यंत्र अपुरे पडते. ध्वनिमुद्रणात मात्र लयीची चढण जशीच्या तशी मिळते.

स्वरमेळाच्या बाबतीत मात्र नेहमीचा क्रम उलटतो. शाकुहाचीचा स्वर हवेच्या उष्णतेनुसार चढतो-उतरतो. प्रत्यक्ष वादनात कोतोच्या घोड्या सरकवून तो शाकुहाचीशी जुळविता येतो. ध्वनिमुद्रणाबरोबर वाजविताना शाकुहाचीवादकालाच फुंकीचा कोन बदलून जुळवून घ्यावे लागते. संगणकाच्या साहाय्याने आता स्वराची उंची न बदलता गती कमी करता येते.

वाद्यवृंदापासून दूर राहणाऱ्या विद्यार्थ्यास ही ध्वनिमुद्रणे विशेष उपयुक्त ठरतात. तबल्याच्या सरावासाठी वापरल्या जाणाऱ्या लहऱ्याच्या ध्वनिमुद्रणांशी त्यांचे साम्य आहे. तथापि सांक्योकुला संचालक नसतो. वादक एकमेकांचा श्वास व हाताची हालचाल पाहून एकत्र येतात. ध्वनिमुद्रण कोणासाठी थांबत नाही. केवळ त्यावर विसंबणारा विद्यार्थी अनुसरण शिकतो, परंतु परस्परांना प्रतिसाद देणे शिकत नाही. म्हणून ही ध्वनिमुद्रणे गुरुमुखातून मिळणाऱ्या शिक्षणास पूरक ठरतात, पर्यायी नव्हेत.