दुर्बिणीची शस्त्रक्रिया : रुग्णाची स्थिती आणि तणाव-संप्रेरके

भारतात दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया डॉ. तेहमतन उडवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केली. आज जुन्नर-आंबेगावच्या वाड्यावस्त्यांवरील रुग्णही पित्ताश्मरीसाठी हीच शस्त्रक्रिया करून घेतात आणि टाके सुकण्याआधीच पथ्य विचारण्यासाठी आपल्या दारी येतात. म्हणून शस्त्रक्रियेच्या टेबलावर शरीरात काय घडते, हे आपणांस ठाऊक असावयास हवे.

रुग्णाच्या स्थितीचे महत्त्व आपल्या शास्त्राला नवे नाही. अर्शाच्या शस्त्रकर्मात रुग्णाला उताणे, कंबर किंचित उंच व डोके दुसऱ्याच्या मांडीवर ठेवून निजवावे, असे सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानात सांगितले आहे. मात्र स्थितीचा परिणाम संप्रेरकांवरही होतो, ही आधुनिक शरीरक्रियाविज्ञानाची भर होय.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत उदरात कार्बन डायऑक्साइड वायू साधारणतः पाऱ्याच्या १२ ते १५ मिलिमीटर दाबाने भरतात. पित्ताशयासाठी टेबलाची डोक्याकडील बाजू उंच करतात. त्यामुळे रक्त पायांत साचते, हृदयाकडे परतणारे रक्त घटते आणि त्यात वायूच्या दाबाची भर पडते. शरीर हे संकट समजते. अॅड्रेनॅलिन, नॉरअॅड्रेनॅलिन, रेनिन व व्हॅसोप्रेसिन वाढून रक्तवाहिन्या आकुंचित होतात. गर्भाशयाच्या वा कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेत डोके खाली असते. तेथे रक्त हृदयाकडे सहज परतते, परंतु श्वासपटलावर भार येतो. कॉर्टिसॉलची वाढ मुख्यत्वे ऊतींच्या इजेमुळे होते. स्थितीचा ठसा रक्ताभिसरणाशी निगडित संप्रेरकांवर अधिक उमटतो.

याचा व्यवहारातील अर्थ असा. शस्त्रक्रियेच्या काळात मूत्र कमी होणे हे बव्हंशी वायूचा दाब व व्हॅसोप्रेसिन यांचे कार्य असते आणि वायू काढल्यावर ते पूर्ववत होते. तेव्हा नातेवाइकांच्या आग्रहास्तव गोक्षुर-पुनर्नव्याची घाई करू नये. घरी आल्यावरही मूत्र कमीच असेल तर शल्यविशारदाला कळवावे. मधुमेही रुग्णाची साखर काही दिवस चढी राहू शकते, तेही ध्यानी ठेवावे.

सर्वांत गंभीर प्रश्न मात्र निराळा आहे. पश्चिम भागातील एक प्रौढ भगिनी पित्ताश्मरीच्या शस्त्रक्रियेपूर्वी आमच्याकडे आल्या. गुडघेदुखीसाठी त्या दोन वर्षे बाजारातील बिननावाची पुडी घेत होत्या. चेहऱ्यावरील सूज पाहून आम्ही विचारले म्हणून हे कळले. अशा पुड्यांत अनेकदा स्टिरॉइड मिसळलेले असते. ते दीर्घकाळ घेतल्यास अधिवृक्क ग्रंथी निष्क्रिय होतात. मग टेबलावर शरीराला कॉर्टिसॉलची निकड भासते तेव्हा ते स्रवतच नाही; रक्तदाब कोसळून प्राणावर बेतू शकते. पुडी एकाएकी बंद करणेही तितकेच घातक. आम्ही भूलतज्ज्ञांस तत्काळ चिठ्ठी दिली. त्यांनी पूर्वतयारी केली व शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली. न विचारते तर काय झाले असते, हा विचार अद्याप सुटत नाही.

वैद्यबंधुभगिनींनी पूर्वकर्माचा भाग म्हणून प्रत्येक रुग्णाची औषधे लिहून शल्यविशारदाकडे पाठवावीत. त्यांत आपली स्वतःचीही लपवू नयेत. औषधविक्रेत्यांनी घटक व उत्पादकाचे नाव नसलेली पुडी दुकानात ठेवू नये. शस्त्र दुसऱ्याच्या हाती असले तरी रुग्ण आपलाच असतो.