गाडी किंचाळते, ती काय सांगते?

कबनूरहून लग्नासाठी रत्नागिरीला निघायचं, वाटेत आंबा घाट, आणि गाडीतून 'चीं' आवाज! तो नेमका कधी येतो, हे आधी बघूया. सकाळी गाडी सुरू करताना किंवा एसी लावताना आला, तर बहुधा इंजिनचा बेल्ट सैल किंवा झिजलेला असतो.

चाकाजवळून आला तर ब्रेक बघावेत. पावसात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर गंज धरतो. दोन-चार ब्रेक मारले की आवाज जातो. रोजच येत असेल तर पॅड संपत आलेत. बऱ्याच पॅडना पत्र्याची छोटी पट्टी असते, ती डिस्कला घासून मुद्दामच ओरडते. आम्ही एकदा टेप मोठा करून दुर्लक्ष केलं; पॅडसोबत डिस्कही बदलावी लागली. करकर ऐकू आली तर मात्र घाट सोडाच, इचलकरंजीपर्यंतही गाडी नेऊ नये. मिस्त्रीलाच घरी बोलवावं.