दुसऱ्याच्या जागी

तारण हे कमावलेले फळ नव्हे, ते लाभलेले दान होय, असे ख्रिस्ती धर्म मानतो. मग असे दान स्वीकारणाऱ्याने पुढे जगावे कसे?

१९४१ साली नाझींच्या आउश्वित्झ छळछावणीतून एक कैदी निसटल्याच्या संशयावरून दहा जणांना उपासमारीने मारण्याचे ठरले. त्यांतील फ्रान्सिशेक गायोव्निचेक हा बायकामुलांसाठी आक्रोश करू लागला. तेव्हा धर्मगुरू माक्सिमिलियन कोल्बे यांनी त्याची जागा मागून घेतली. १४ ऑगस्टला विषारी इंजेक्शन देऊन त्यांचा अंत करण्यात आला.

गायोव्निचेक १९९५ पर्यंत जगला. मात्र ज्यांच्यासाठी तो रडला होता, ते त्याचे मुलगे युद्धातच मारले गेले. या दुःखासह लाभलेल्या आयुष्यात तो कोल्बे यांची कथा सांगत राहिला. बलिदानाचे ऋण फिटत नसते. ते कृतज्ञतेने शिरी वागवीत जगणे, हीच श्रद्धा होय.