शेकडा वीस, पण कशाचे?

तमिळ पंचांगातला आडी महिना लागला की कुंभकोणम्‌हून चेन्नईकडे निघालेल्या सडकेवर, थेट चोळपुरम्‌च्या वेशीपर्यंत, कापडदुकानांच्या फलकांची जी रांग उभी राहते, तिच्यावरील आकडे वाचून परमुलखातल्या माणसास असे वाटावे की येथील समस्त व्यापारी वर्गाने यंदा संन्यास घेण्याचे ठरविले आहे. वस्तुतः कारण साधे आहे. आडीत इकडे लग्ने होत नाहीत. आषाढात नव्या सुनेला माहेरी पाठविण्याचा आपला जो रिवाज, त्याच जातीची चाल येथेही आहे. आणि लग्ने नाहीत म्हणजे जवळच्या तिरुभुवनम्‌ला विणल्या जाणाऱ्या रेशमी साडीस गिऱ्हाईक नाही. पुढे आवणी महिन्यात लग्नसराई सुरू होईतो माल पडून राहावयाचा आणि भांडवलावर व्याज चढावयाचे, तेव्हा व्यापाऱ्याने भाव उतरविला तर त्यात औदार्यही नाही आणि लबाडीही नाही. लबाडीला जागा असते ती भाव कोठून उतरविला, या एका प्रश्नात.

‘पन्नास अधिक वीस टक्के’ म्हणजे सत्तर टक्के नव्हे, हे आता शाळकरी पोरेही जाणतात: दहा हजारांचे आधी पाच हजार, मग त्या पाचांवर वीस टक्के, म्हणजे देणे चार हजार आणि सूट साठ टक्के. याहून सफाईदार प्रकार असा की, आठ हजारांच्या साडीवर प्रथम दहा हजारांची चिठ्ठी चिकटवावी आणि मग तीवर शेकडा वीस सूट जाहीर करावी. भाव सवाई केला आणि त्याचा पाचवा हिस्सा वजा केला, की हिशेब जेथे होता तेथेच परत येतो. वाढ पंचवीस टक्के, घट वीस टक्के, आणि ग्राहकाच्या पदरी शून्य. टक्केवारी ही स्वतःच्या पायावर उभी राहणारी वस्तूच नव्हे. ती नेहमी कशाची तरी असते, आणि ते ‘कशाचे तरी’ ठरविण्याचा अखत्यार दुकानदाराकडे असतो.

कुंभकोणम्‌ला येणारे जिज्ञासू लोक सारंगपाणी संनिधी रस्त्यावरील रामानुजनचे घर पाहून जातात. ज्या मुलाच्या अनंत श्रेणींनी केंब्रिजला चकित केले त्याचे वडील, श्रीनिवास अय्यंगार, याच गावातील कापडदुकानात गुमास्ते होते, याची आठवण मात्र फारशी कोणी काढीत नाही. आणि प्रस्तुत विषयापुरते म्हणाल तर माझ्या मते अधिकारी पुरुष तेच. अनंताचा हिशेब ज्याला करावयाचा त्याने करावा; साडीची घडी मांडीवर असतानाच बाकी किती उरते हे तोंडी सांगणे ही गुमास्त्याची विद्या, आणि ती विद्या टक्क्यांवर नव्हे, अपूर्णांकांवर पोसलेली होती. या मुलखातल्या ओटीवरच्या शाळांतून पाठ करवून घेतल्या जाणाऱ्या तमिळ कोष्टकांत विसाव्या हिश्शाला ‘मा’, ऐंशीव्याला ‘काणी’ आणि तीनशेविसाव्याला ‘मुंदिरी’ अशी स्वतंत्र नावे होती. आणि १६७६ पासून १८५५ पर्यंत तंजावरच्या भोसल्यांचा जमाखर्च मोडीत लिहिणाऱ्या मराठी कारकुनांच्या जातभाईंनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी यांची घोकंपट्टी देशावर केली होती.

हे कौतुक केवळ पुराणप्रेमातून आलेले नाही. एक ‘मा’ म्हणजे बरोबर पाच टक्के. सहा हजार चारशेच्या साडीवर पंधरा टक्के सूट असली तर यंत्र न काढता असे करावे: शेवटचे शून्य टाकून सहाशे चाळीस, त्याचे निम्मे तीनशे वीस, हा एक ‘मा’, तसे तीन वजा, नऊशे साठ, देणे पाच हजार चारशे चाळीस. सहकारी ‘को-ऑप्टेक्स’ दिवाळीला जी तीस टक्के सूट देते तीत सहा ‘मा’ जातात आणि चौदा उरतात. जुना हिशेबनीस वजावटीपेक्षा उरलेल्या बाकीकडे पाहत असे, आणि ग्राहकानेही तेच पाहावे. कारण अठरा हजारांवर पन्नास टक्के सूट मिळालेली साडी नऊ हजारांना पडते, आणि बारा हजारांवर केवळ तीस टक्के मिळालेली आठ हजार चारशेंना. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली तेव्हा हिशेब सोपा झाला खरा. पण रुपयामागे चार आणे सूट म्हटल्यावर बारा आणे द्यावयाचे हे जे डोळ्यांपुढे उभे राहत असे, ते पंचवीस टक्क्यांनी राहत नाही.

आता कराचे. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्याच्या नगाची विक्रीकिंमत अडीच हजारांपर्यंत असल्यास पाच टक्के आणि त्यावर गेल्यास अठरा टक्के कर लागतो, आणि पावतीवर दाखविलेली सूट वजा जाऊन जी किंमत राहते तीच येथे धरावयाची. म्हणजे करापूर्वी सव्वीसशे रुपये किंमत असलेला अंगरखा तीन हजार अडुसष्टला पडतो. दुकानदाराने त्यावर अवघी चार टक्के, म्हणजे एकशे चार रुपये सूट दिली तर तो दोन हजार सहाशे वीस रुपये ऐंशी पैशांना. एकशे चारांच्या सुटीने चारशे सत्तेचाळीस रुपयांची तफावत पडावी, असा चमत्कार कोणत्याही फलकावर रंगविलेला मी पाहिला नाही! रेशमी साडी मात्र शिवलेले वस्त्र नसून कापड ठरते, म्हणून ती कितीही महाग असली तरी तिला पाचच टक्के.

छापील कमाल किंमतीत सारे कर धरलेलेच असतात, हेही ध्यानी ठेवावे. एकवीसशे छापील किंमतीवर चाळीस टक्के सूट म्हणजे बाराशे साठ. त्यावर पुन्हा पाच टक्के कर चढविला की तेराशे तेवीस होतात आणि चाळिसाचे सदतीस उरतात. ही युक्ती म्हणजे अनुचित व्यापारी प्रथा होय, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०१७ मध्येच ठरविले आहे.

युरोपीय संघात मे २०२२ पासून असा दंडक आहे की, सूट जाहीर करताना तीपूर्वीच्या निदान तीस दिवसांतील सर्वांत कमी किंमत फलकावर लिहिलीच पाहिजे. आपल्याकडे असा दंडक करण्यास कोणाची हरकत असावी, हे मला तरी उमगत नाही. कारखान्यातून हजारांनी निघणाऱ्या सदऱ्याला तो उद्या लागू करता येईल. हातमागावरच्या साडीची गोष्ट निराळी. तिरुभुवनम्‌च्या एका मागावर उतरलेली साडी दुसऱ्या मागावरच्या साडीसारखी तंतोतंत नसते, जरीचा काठही दर नगाला थोडा फिरतो. तेव्हा ‘याच साडीची गेल्या महिन्यातील किंमत’ ही वस्तू अस्तित्वातच नसते, आणि तेथे दोन-चार दुकाने हिंडून भाव विचारण्याला तूर्त पर्याय दिसत नाही.